मार्ली कटलिपने लॅब का सोडली

सोडली असं म्हणायचं, एवढंच. खरं तर तिला सांगण्यात आलं होतं की तोंड मिटून बाटल्या धू, नाहीतर चालती हो. बाटल्यांचं तिला काही नव्हतं, पहिलं वर्षभर तिने त्याच धुतल्या होत्या. तोंड मिटणं जमलं नाही. ते कटलिपांच्या घरात कोणालाच कधी जमलेलं नाही.

आमचं पाइन फोर्क दोन डोंगरांच्या फटीत बसलेलं गाव. मार्लीची आई ट्वायला इथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, बाप ट्रक घेऊन सदा परराज्यात. मार्ली सातवीत असताना वर्गात सगळ्यांसमोर म्हणाली की मी डॉक्टर होणार, आणि तेव्हापासून गावाने ते ठरवूनच टाकलं. कोणाचा गुडघा दुखला की मार्लीला हाक. पोरगी म्हणायची, "अहो, मी अजून बेडकापर्यंतच आले आहे." तरी गुडघा पुढे येतच राहायचा.

आता या देशात डॉक्टर व्हायचं म्हणजे आधी चार वर्षांची पदवी, आणि तेवढ्यात नुसते मार्क मिळवून भागत नाही. कुठल्यातरी नामांकित माणसाच्या लॅबमध्ये राबावं लागतं, आणि शेवटी त्या नामांकिताने 'मुलगी चांगली आहे' असं शिफारसपत्र द्यावं लागतं. त्या पत्रापायी चांगली चांगली पोरं काय काय गिळतात हे मी इतकी वर्षं पाहत आलो आहे. अपमान तर नाश्त्यालाच असतो.

विद्यापीठात मार्लीला जागा मिळाली ती डॉ. थेअरांच्या लॅबमध्ये. खाणीतल्या धुळीने फुप्फुसांचं काय होतं, हा त्यांचा विषय. त्यांचं नाव असं की वैद्यकीय कॉलेजांत त्यांच्या दोन ओळींना वजन. त्यांनी मार्लीला घेतली ती तिच्या मार्कांसाठी जेवढी, त्याहून जास्त तिच्या पत्त्यासाठी. थेअरांची माणसं आमच्या दरीत यंत्रं घेऊन आली की लोक अंगणातला कुत्रा सोडायचे. मार्ली सोबत आल्यापासून तेच लोक जेवायला थांबवून घ्यायला लागले. "ट्वायलाची पोरगी म्हणतेय ना, मग फुंकू की!" एवढं बोलून म्हातारे खाणकामगार कागदांवर सह्या करायचे. कागद वाचतो कोण? मार्लीचा शब्द होता.

काम असं होतं. माणसाने नळी तोंडात धरून जोरात फुंकायचं, आणि फुप्फुसांत किती दम शिल्लक आहे ते लॅपटॉपवर रेघ होऊन उमटायचं. लॅपटॉपचं तोंड फुंकणाऱ्याकडे करायचं नाही, हा थेअरांचा नियम. तो अगदीच वेडगळ होता असं नाही. यंत्र संशोधनाचं, तपासणीचं नव्हे. एखाद्या फुंकेवरून माणूस उगाच घाबरायचा, किंवा उगाच निर्धास्त व्हायचा. मार्लीने तो नियम दोन वर्षं निमूट पाळला. लोक विचारायचे, ती सांगायची, "सगळं चांगलं चाललंय, आभारी आहोत."

त्या मार्चमध्ये यंत्रं आमच्या चर्चच्या हॉलमध्ये लागली. बाहेर अजून बर्फाचा चिखल, आत शिजणाऱ्या बीन्सचा वास. बाप्ये भिंतीला टेकून रांगेत. व्हर्जिल एस्टेपची पाळी आली.

व्हर्जिल कटलिपांपासून तिसऱ्या घरात राहतो. खाणीच्या छताला बोल्ट मारण्यात त्याचा जन्म गेला. मार्लीला चर्चच्या रविवारच्या शाळेत बायबलातली नोहाची नि योनाची गोष्ट त्यानेच सांगितली, आणि चिखलात गाडी रुतली तर पेडल कसं दाबायचं नाही तेही त्यानेच शिकवलं. माणसाने आयुष्यात सिगारेट ओढली नाही. तरी पायऱ्या चढताना मध्ये थांबून कुंपणाची पाहणी केल्याचं सोंग करायचा. कंपनीने पाठवलेल्या डॉक्टरने त्याला सांगितलं होतं, वय झालं, वजन कमी करा.

"फुंका काका! फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका!" मार्ली ओरडत होती. या कामात ओरडावंच लागतं. व्हर्जिल जांभळा झाला, टेबलाला धरून वाकला, मग सावकाश सरळ झाला.

"कसं काय?" त्याने विचारलं.

"छान फुंकलंत."

"फुंकण्याचं नाही गं विचारत. आतलं काय निघालं?"

"ते सांगायचं नसतं, काका. नियम आहे."

"कोणाचा?"

"थेअर सरांचा. विद्यापीठाचा."

व्हर्जिलने थोडा विचार केला. "म्हणजे माझ्या छातीत काय आहे ते तुला ठाऊक, त्या थेअरला ठाऊक, या डबड्याला ठाऊक. मला सोडून सगळ्यांना."

मार्ली नळी पुसायला लागली.

"बरं," व्हर्जिल म्हणाला आणि टोपी उचलली. "तू म्हणतेस तर बरं."

तो चिडला असता तर मार्लीने नियम पाळला असता, हे ती आजही सांगते. भांडणाऱ्याला नियम दाखवता येतो. पण माणूस आपल्यावर भरवसा टाकून टोपी उचलतो तेव्हा नियमाच्या मागे लपायला लाज वाटते. तिने लॅपटॉप धरला आणि सरळ त्याच्याकडे फिरवला.

"हे बघा. ही वरची रेघ तुमच्या वयाच्या, तुमच्या उंचीच्या माणसाची असायला हवी ती. ही खालची तुमची."

"निम्मी दिसतेय."

"निम्म्याहून कमी आहे. हे वयाचं नाही आणि वजनाचं तर मुळीच नाही. पण हे यंत्र पक्कं नाही काका, यावर विसंबू नका. खाणकामगारांच्या दवाखान्यात जाऊन नीट तपासून घ्या. लगेच जा. आणि हे कोणाला बोलू नका."

पोरगी हुशार, पण इथे चुकली. रेघ दाखवली ती चूक की बरोबर, यावर लोक अजून भांडतात. पण पाइन फोर्कात जन्म काढून 'कोणाला बोलू नका' म्हणणं, याला मात्र काय म्हणावं? त्यातून व्हर्जिलला! त्याने उभ्या जन्मात देवापासून आणि शेजाऱ्यांपासून काही लपवलेलं नाही.

दुपारी जेवणं मांडली. बीन्स, मक्याचा पाव, कापलेला कांदा. थेअर साहेब स्वतः आले होते, त्यांना मधल्या टेबलावर बसवलं. पाद्रीबाबा म्हणाले, "ब्रदर व्हर्जिल, आज प्रार्थना तुम्ही म्हणा." सगळ्यांनी टोप्या काढल्या, माना खाली घातल्या. व्हर्जिल उठला.

"हे प्रभू, या बीन्सबद्दल आणि त्या शिजवणाऱ्या हातांबद्दल आम्ही तुझे आभारी आहोत. विद्यापीठातल्या पाहुण्यांना सुखरूप घरी ने, आमच्या रस्त्याला वळणं फार आहेत. आणि प्रभू, ट्वायलाच्या मार्लीला आशीर्वाद दे. तिनं आज मला दाखवलं की माझी फुप्फुसं निम्मीसुद्धा उरलेली नाहीत. इतकी वर्षं मी वजन कमी करत होतो. ज्या भावांनी आपली रेघ अजून बघितलेली नाही, त्यांना ती मागायची हिंमत दे. आमेन."

"आमेन," हॉल गडगडला.

थेअरांनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बीन्सना कोणी हात लावला नाही. सकाळी फुंकून गेलेले बाप्ये एकामागून एक उठले आणि पुन्हा यंत्रापुढे रांगेत उभे राहिले. "मार्ली, माझी दाखव." "माझ्या भावाचीही असेल बघ त्यात, तो मेला गेल्या वर्षी, पण वहिनी विचारेल." थेअरांच्या माणसांनी लॅपटॉप मिटले, पेट्या भरल्या, आणि पांढरी गाडी वळणं मोजत निघून गेली. मार्ली मागच्या सीटवर. 

थेअर राक्षस नव्हते. राक्षस असते तर सोपं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला समोर बसवून कॉफी दिली आणि शांतपणे समजावलं.

"तू काय केलंस ते तुला कळतंय का? हे मला वर कळवावं लागेल. कदाचित सगळा अभ्यास थांबवतील. हा अभ्यास पुरा झाला तर उद्या कायदा बदलू शकतो, मार्ली. हजारो माणसांचं भलं होईल."

"आणि व्हर्जिल एस्टेपचं?"

"तो त्या हजारांतलाच एक आहे."

"हजारांत मोजायला तो जिवंत हवा ना, सर."

थेअरांनी चष्मा काढून पुसला. मग अटी सांगितल्या. गावात जाणं बंद. पदवी होईपर्यंत लॅबमध्येच बाटल्या, साफसफाई. आणि एक निवेदन लिहून द्यायचं, की मी गोंधळले, माझ्याकडून नियम मोडला गेला, मला पश्चात्ताप होतो. तेवढं केलं की ते शिफारसपत्र देतील, पूर्वी कबूल केलं होतं तसंच.

"नियम मोडला, ते लिहून देते," मार्ली म्हणाली. "मोडलाच आहे. पण मी गोंधळले नव्हते. आणि पश्चात्ताप लिहिणार नाही."

"एका शब्दासाठी डॉक्टरकी घालवशील?"

"शब्द माझा आहे, सर. डॉक्टरकी अजून माझी कुठे झालीये?"

असं म्हणून ती उठली.  वैद्यकीय कॉलेजांचे अर्ज भरायला जेमतेम तीन महिने उरले होते, आणि तीन वर्षांच्या कामाची ग्वाही देणारा माणूस तिने एका वाक्यात गमावला होता.

ट्वायलाला कळलं तेव्हा ती शाळेच्या मोठ्या परातीला लागलेलं चीज खरवडत होती. खरवडणं थांबलं नाही, उलट जोर वाढला. "तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं! अगं, एक शब्द लिहायचा होता. मी या मुख्याध्यापिकेला रोज तीन वेळा 'चुकलं माझं' म्हणते. माझं काय झिजलं?"

"तू म्हणतेस तेव्हा तुला वाटतं का चुकलं असं?"

"कधीच नाही!"

"मला ते जमत नाही."

"बापावर गेलीयेस," ट्वायला म्हणाली.  मग म्हणाली, "व्हर्जिल काल जाऊन आला दवाखान्यात. त्यांनी छातीचे फोटो काढले. डॉक्टरीण म्हणाली, हे खाणीचंच आहे, आणि इतका उशीर का केलात." तिने परात पाण्याखाली धरली. "उशीर त्यानं कुठं केला? त्याला सांगितलं कोणी?" मार्लीने फडकं उचललं आणि परात पुसायला लागली. आईने आपली बाजू घेतली हे तिला कळलं होतं, पण ते बोलून दाखवलं असतं तर ट्वायलाने लगेच नाकारलं असतं.

मग नवी लॅब शोधायची वणवण सुरू झाली. अर्जाच्या तोंडावर लॅब बदलणारी पोरगी म्हणजे लग्नाच्या मांडवातून परत आलेली नवरी. दार उघडायच्या आधी सगळे तेच विचारायचे, थेअरांना का सोडलं? मार्ली जे घडलं ते सांगायची. माणसं मान डोलवायची, काही तर "शाब्बास" म्हणायची, आणि मग जागा नसायची. मोठ्या झाडाची सावली कुठवर पडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. विद्यापीठाला पैसा आणणारा माणूस दुखावून कोण घेणार? जुन्या लॅबमधला एक जण जेवणघरात मोठ्याने म्हणाला, "डोंगरातल्या पोरांना नियम कळत नाहीत, त्यांना जेवण आणि प्रार्थना कळते." मार्ली ताट घेऊन त्याच्याच टेबलावर, त्याच्यासमोर जाऊन बसली आणि सगळं जेवण सावकाश संपवलं. त्यालाच उठून जावं लागलं.

शेवटी तिला घेतलं डॉ. बर्निस टॅकेट यांनी. या बाई नदीतल्या शिंपल्यांवर काम करायच्या. तळघरात लॅब, दारात चिखलाचे बूट, दातांत सूर्यफुलाच्या बिया.

"थेअरला का सोडलंस?" त्यांनीही विचारलं. मार्लीने सांगितलं. टॅकेटबाईंनी सालं कपात थुंकली. "थंड पाण्यात गुडघ्यावर बसता येतं?"

"येतं."

"मग ये. शिंपल्यांना तू त्यांची रेघ दाखवलीस तरी ते प्रार्थनेत बोलणार नाहीत."

तो सगळा उन्हाळा मार्ली नदीत रांगत होती. तळाला काच लावलेल्या बादलीतून पाण्यात बघायचं, शिंपले वेचायचे, कवचावर नंबराची चकती चिकटवायची, जिथून उचलले तिथेच परत रोवायचे. खाणीखालच्या पाण्यात म्हातारे शिंपले होते, पण पिल्लं नव्हती. टॅकेटबाई प्रत्येक शनिवारी सापडलेलं सगळं नदीकाठच्या लोकांना सांगून टाकायच्या, बेकरीच्या बाहेर उभं राहून, पेपरोनीचा पाव खाता खाता. "पाणी त्यांचं आहे," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. मार्लीला तिथे पहिल्यांदा वाटलं की आपण काही लपवत नाही आहोत, आणि कामही होतं आहे.

पण त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच अर्ज भरायचे होते, आणि विद्यापीठात ते बघणाऱ्या सल्लागार असतात, मिस गॅरिटी. त्यांनी कपाळाला हात लावला.

"मार्ली, राजा, शिंपल्यांचा आणि वैद्यकीचा काय गं संबंध? आणि थेअरांकडे तीन वर्षं काढून त्यांचं पत्र नाही, हे कोणाच्याही डोळ्यात खुपणार. ऐक. मी त्यांच्याशी बोलले. ते मोठ्या मनाने तयार आहेत. तू लिहायचं की अभ्यासाचा ताण वाढला म्हणून लॅब बदलली. मुलाखतीतही तेच. ते दोन चांगल्या ओळी लिहून देतील. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकायची कोणाची? माझी की त्यांची?"

"दोघांची! सगळे असंच करतात. 'नवं क्षेत्र जाणून घ्यायचं होतं' असं म्हणतात. कोणी खोटं धरत नाही."

"माझा अभ्यासाचा ताण वाढला नव्हता, मॅडम. त्या सहामाहीत मला सगळ्यांत जास्त मार्क आहेत. ते तरी बघतील ना लोक?"

मिस गॅरिटीने हात टेकले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पोरांना आत ढकलायचं हेच त्यांचं काम. "निदान या रकान्यात तरी शहाणपण कर," त्या म्हणाल्या. अर्जात प्रत्येक कामापुढे लिहायचं असतं, खात्री करून घ्यायची तर फोन कोणाला करावा. थेअरांच्या लॅबपुढे एखाद्या मैत्रिणीचं, एखाद्या कनिष्ठ सहायकाचं नाव टाक, तो गोडच बोलेल, असं त्यांनी सुचवलं.

मार्लीने तिथे डॉ. थेअरांचं नाव टाकलं. त्यांच्या टेबलावरचा नंबर.

"अगं, आपल्या हाताने पायावर धोंडा मारून घेतेयस!"

"मी सांगितलं तर माझी बाजू होईल. त्यांनाच विचारू दे," मार्ली म्हणाली आणि अर्ज पाठवून दिला.

नकार येत गेले. आपल्याच राज्यातल्या मोठ्या कॉलेजाने मुलाखतीलाही बोलावलं नाही. एकाने बोलावलं आणि हसून हसून पाठवणी केली. गावात लोक तिला गुडघे दाखवायचे बंद झाले, ते तिला जास्त लागलं. मला विचाराल तर त्या दिवसांत मला तिचा रागच यायचा. वाटायचं, पोरी, एवढा ताठा कशाला, आत शिर एकदा, मग काय फिरवायचं ते फिरव. पण हे सगळे आत शिरताना असंच म्हणतात, आणि आत गेल्यावर कोणी काही फिरवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

हिवाळ्यात शेजारच्या राज्यातल्या एका लहान कॉलेजाचं बोलावणं आलं. मुलाखत घ्यायला डॉ. हॉलंडर नावाच्या बाई, फुप्फुसांच्याच डॉक्टर, केस पांढरे, पायात जाड बूट. त्यांनी नमस्कार-चमत्कारही केले नाहीत.

"मी थेअरांना फोन केला," त्या म्हणाल्या. "माझी त्यांची जुनी ओळख. ते म्हणाले, इतकी चांगली मुलगी माझ्या हाताखाली आली नव्हती, आणि मी तिला परत घेणार नाही. आता तू सांग."

मार्लीने सांगितलं. लॅपटॉप, टोपी, प्रार्थना. प्रार्थनेला हॉलंडरबाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्या हसल्या नाहीत.

"तो नियम का होता ते तुला माहीत आहे?"

"माहीत आहे. एका फुंकेवर निदान होत नाही. माणूस घाबरू शकतो. आकडा चुकीचा असू शकतो. आणि एकाला सांगितलं की सगळा अभ्यास वाकडा होतो."

"म्हणजे नियम चांगला होता."

"नियम ठीक होता. आम्ही वाईट होतो. आम्ही त्यांच्या चर्चमध्ये गेलो, त्यांचं जेवण जेवलो, त्यांचा दम घेतला, आणि त्यांनी विचारल्यावर माझ्या तोंडून 'सगळं चांगलं चाललंय' म्हणवून घेतलं. सांगता येत नसेल तर दवाखान्याची गाडी तरी दारात उभी करायची होती. ते कोणाला सुचलं नाही, मलाही नाही. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, बाई. त्यांना श्वास लागत होताच."

"उद्या इथे माझ्या हाताखाली असशील आणि माझा असाच नियम असेल, तर?"

इथे नीट उत्तर दिलं तर जागा, हे मार्लीला दिसत होतं. मिस गॅरिटीने पढवलेलं वाक्य तयार होतं, 'मी वरिष्ठांशी संवाद साधेन.' तिने ते गिळून टाकलं.

"आधी तुमच्या दाराशी येईन आणि भांडेन. तुम्ही ऐकलं नाहीत तर त्या माणसाला सांगेन. आणि सांगितल्यावर तुम्हाला येऊन सांगेन की मी सांगितलं. मागच्या वेळी तेवढं चुकलं. मी लपवायला गेले."

"मग मी तुला काढून टाकेन."

"टाका."

हॉलंडरबाईंनी समोरची फाइल मिटली. "तुझा त्रास होणार आहे आम्हाला," त्या म्हणाल्या.

"होणार," मार्ली म्हणाली. मुलाखत तिथेच संपली. गाडीत बसून ती रडली, आणि रडताना स्वतःलाच शिव्या देत होती, पण एकही शब्द परत घ्यावासा तिला वाटला नाही.

एप्रिलमध्ये फोन आला. हॉलंडरबाईंनी स्वतः केला. समितीत तिच्यावरून दोन तट पडले होते, त्या म्हणाल्या, आणि एका मताच्या फरकाने ती आत आली आहे. उरलेले आता तिच्या चुकीची वाट बघतील, तेव्हा येताना झोप काढून ये. ट्वायलाने ही बातमी शाळेच्या जेवणघरात माइकवरून सांगितली, त्याबद्दल मुख्याध्यापिकेची बोलणी खाल्ली, आणि तिला 'चुकलं माझं' म्हणाली नाही.

संध्याकाळी मायलेकी व्हर्जिलकडे गेल्या. तो पडवीत बसला होता, नाकाला ऑक्सिजनची नळी. भरपाईसाठी दवाखान्याने कागद दिले, कंपनीच्या वकिलांनी त्यावर आणखी कागद दिले, आणि मधल्या वर्षात त्याची छाती आणखी आटली. आता तो प्रार्थनाही बसूनच म्हणतो.

"झालीस का डॉक्टर?" त्याने विचारलं.

"ऑगस्टमध्ये सुरू होईल, काका."

"आणि संपेल कधी?"

"चार वर्षं कॉलेज. मग हॉस्पिटलात तीन. फुप्फुसांचंच करायचं म्हटलं तर त्याच्यावर आणखी."

व्हर्जिलने बोटांवर वर्षं मोजली. दोन श्वासांत एक वाक्य, असं तो आता बोलतो. "म्हणजे तू पुरी डॉक्टर होशील... तेव्हा मी तपासून घ्यायला येईन का गं?"

"येणार तर!" ट्वायला घाईने म्हणाली. "तुम्ही काय, शंभरी गाठणार!"

"तुला नाही विचारलं, ट्वायला."

 वर्षभर मार्ली याच एका गोष्टीवरून सगळ्यांशी भांडत होती. आज भांडायला समोर थेअर नव्हते, नियम नव्हता, गॅरिटीबाई नव्हत्या. फक्त व्हर्जिलकाका होता, ज्याने तिला गाडी शिकवली होती, आणि आई तिच्या दंडाला चिमटा काढत होती. हो म्हटलं असतं तर कोणीही तिला दोष दिला नसता.

"नाही, काका," ती म्हणाली. "तोवर तुम्ही असाल असं मला वाटत नाही."

ट्वायलाने तोंड फिरवलं. व्हर्जिलने मान हलवली, सावकाश, हिशोब जुळल्यासारखी.

"मलाही नाही वाटत," तो म्हणाला. "पण दवाखान्यात विचारलं की सगळे खिडकीबाहेर बघतात." त्याने पायाने रिकामी खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बस. आता शेवट कसा येतो ते सांग. सगळं सांग, मला तयारी करायचीय."

मार्लीने डोळे पुसले, खुर्ची त्याच्या जवळ ओढली, आणि सांगायला सुरुवात केली.